व्हॅन व्हेक्टन, कार्ल

(१७ जून १८८०–२१ डिसेंबर १९६४). अमेरिकन संगीत व नृत्यसमीक्षक, कादंबरीकार आणि छायाचित्रकार. जन्म आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे. त्या वेळी गावाची वस्ती सुमारे १० हजार. घर सुखवस्तू होते. गावात सार्वजनिक ग्रंथालय उभे राहावे म्हणून आईने खटपट केली. वडिलांनी मिसिसिपीतील कृष्णवर्णीय मुलांच्या पायनी वुड्स शाळेला हातभार लावला. घरी कामाला येणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांना मुलांनीही ‘मिस्टर’, ‘मिसेस’ म्हणूनच हाक मारायची, असा वडिलांचा दंडक होता. त्या काळच्या अमेरिकेत ही रीत विरळाच.

गावातल्या ग्रीन्स ऑपेरा हाऊसमध्ये फिरत्या नाटक कंपन्या येत. कार्लला तिथेच रंगमंचाचे वेड लागले आणि गाव सोडण्याची घाईही. पुढे १९२४ साली त्याने एका कादंबरीत आयोवातील एक गाव रंगवले. गावाचे नाव बदललेले होते, तरी सीडर रॅपिड्स ओळखू येत होते आणि टवाळीही लपत नव्हती.

शिकागो विद्यापीठातून १९०३ मध्ये पदवी घेतल्यावर तो तिथल्याच एका वृत्तपत्रात लागला. १९०६ मध्ये न्यूयॉर्कला येऊन ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दुय्यम संगीतसमीक्षक झाला. नृत्यासाठी वेगळा समीक्षक नेमण्याची तेव्हा पद्धत नव्हती. ते काम संगीतवाल्याच्याच गळ्यात पडे. व्हॅन व्हेक्टनने मात्र ते आवडीने केले. इसाडोरा डंकन, आना पावलोव्हा या नर्तकींच्या कार्यक्रमांवर त्याने लिहिले. नर्तकीचे शरीर रंगमंचावर नेमके काय करते, हे त्याच्या लेखनात दिसते. म्हणूनच अमेरिकेतील आधुनिक नृत्यसमीक्षेचा आरंभ अनेक जण त्याच्यापासून धरतात. तपशिलाच्या बाबतीत मात्र तो फार सोवळा नव्हता. १९१३ मध्ये पॅरिसला संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेच्या पहिल्या प्रयोगाला मोठा गोंधळ झाला. व्हॅन व्हेक्टनने त्याचे वर्णन जणू आपण तिथेच होतो अशा थाटात केले. प्रत्यक्षात तो दुसऱ्या प्रयोगाला हजर होता. त्याच पॅरिसमुक्कामात अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइनशी त्याची मैत्री जमली, ती तिच्या मृत्यूपर्यंत टिकली. तिच्या लेखनाची व्यवस्था तिने त्याच्यावरच सोपवली होती.

१९१४ मध्ये त्याने फानिया मारिनॉफ या अभिनेत्रीशी दुसरा विवाह केला. पुरुषांशीही त्याचे संबंध होते. तरी हा संसार ५० वर्षे चालला.

१९२० च्या दशकात तो न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीकडे ओढला गेला. ब्लूज ही कृष्णवर्णीयांची गाणी म्हणजे गंभीरपणे ऐकण्याचे संगीत आहे, असे त्याने गोऱ्या वाचकांच्या मासिकांतून ठासून लिहिले. तरुण कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूजच्या कविता त्याने आपल्या प्रकाशकाकडे पोहोचवल्या आणि १९२६ मध्ये निघालेल्या त्या पहिल्या संग्रहाला प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी त्याची हार्लेमवरील कादंबरी आली आणि वाद पेटला. तिच्या नावातच कृष्णवर्णीयांसाठीचा अपशब्द होता. नाट्यगृहातील सर्वांत वरच्या, त्यांच्यासाठी राखलेल्या सज्जाला गोरे लोक तसे म्हणत. हे नाव ठेवू नकोस, असे वडिलांनी पत्रातून बजावले होते. मुलाने ऐकले नाही. कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइसने पुस्तकावर कडाडून टीका केली, तर कृष्णवर्णीय लेखक जेम्स वेल्डन जॉन्सन आणि ह्यूज यांनी बाजू घेतली. नावातला उपरोध कितीही खरा असला, तरी गोऱ्या लेखकाने तो शब्द मुखपृष्ठावर मिरवावा हे खटकतेच. वडिलांना कळले ते या वाकबगार रसिकाला कळले नाही.

पुढे शिकागोतील बँकर भावाच्या मृत्यूनंतर त्याला मोठा वारसा मिळाला आणि पोटासाठी लिहिण्याची गरज उरली नाही. १९३० नंतर त्याने कादंबरी लिहिली नाही. १९३२ च्या सुमारास मेक्सिकन व्यंगचित्रकार मिगेल कोवारुबियासमुळे लायका कॅमेऱ्याची ओळख झाली आणि पन्नाशीत त्याने नवे काम हाती घेतले. राहत्या घरात दिवे आणि डार्करूम, पाठीमागे ठळक नक्षीचे कापड किंवा चुरगळलेला सेलोफेन कागद, एवढा त्याचा स्टुडिओ. छायाचित्रे तो विकत नसे, वाटत असे.

ब्लूज गायिका बेसी स्मिथ १९३६ मध्ये त्याच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, लेखिका झोरा नील हर्स्टन १९३८ मध्ये. त्याच वर्षी भारतीय नर्तक राम गोपालचीही छायाचित्रे त्याने टिपली. १९४९ मध्ये जॅझ गायिका बिली हॉलिडे आली, ती मरगळलेली आणि अबोल. व्हॅन व्हेक्टनने स्वतः सांगितलेली हकिगत अशी, की बरीच खटपट करूनही काही जमेना, तेव्हा त्याने बेसी स्मिथची छायाचित्रे तिच्यापुढे ठेवली. ती पाहून तिला रडू कोसळले आणि मग काम पहाटेपर्यंत चालले. कॅमेऱ्याच्या तांत्रिक कसबात त्याच्याहून सरस अनेक होते. ज्याचे चित्र घ्यायचे त्याची कला आधी मनापासून ऐकलेली-पाहिलेली असणे, हे त्याचे खरे भांडवल.

१९४१ मध्ये त्याने येल विद्यापीठात जेम्स वेल्डन जॉन्सनच्या नावाने कृष्णवर्णीयांच्या कला व साहित्याचा संग्रह उभारला. त्याची सुमारे १,४०० छायाचित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि ती कोणालाही पाहता येतात. येलला दिलेली काही खासगी चिकटवह्यांची खोकी मात्र मृत्यूनंतर २५ वर्षे उघडू नयेत, अशी त्याची अट होती. ती उघडली तेव्हा आत समलिंगी जीवनाविषयीची कात्रणे आणि छायाचित्रे निघाली, सोबत त्याच्या खोडकर टिपणांसह.