मात्रा बरोबर, तरीही अतिमात्रा

औषधाची अतिमात्रा म्हटली की रुग्णाचीच चूक झाली असणार, असं आपण धरून चालतो. तशा चुका होतात. आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्सेट कुणी रोज घेतं आणि जिवावर बेततं. पण अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचा रुग्ण अ‍ॅझाथायोप्रिन अगदी चिठ्ठीबरहुकूम घेत असला, तरी त्याच्या पेशींत अतिमात्रा साचू शकते. ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

या आजारांत आपल्याच पांढऱ्या पेशी आतड्याला सुजवत राहतात; त्यांना आवरायला हे औषध देतात. अ‍ॅझाथायोप्रिनपासून शरीरात थायोग्वानिन तयार होतं. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिनचा हा तोतया. तीन फॉस्फेट जोडलेले असतील तरच तो डीएनएत शिरू शकतो. एकदा शिरला की विभाजन होताना पेशी मरते. त्याला अडवायला एनयूडीटी-१५ नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते तीनपैकी दोन फॉस्फेट छाटतं आणि तोतया बाहेरच राहतो. काहींच्या या विकरात १३९व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन असतं. एवढ्याशा बदलाने विकर टिकतच नाही. मग तोतये मोकाट सुटतात, अस्थिमज्जा पांढऱ्या पेशी बनवेनाशी होते आणि केस पुंजक्यांनी गळतात, कारण केसांच्या मुळाशीही पेशी भराभर विभागत असतात.

युरोपीय रुग्णांवरून टीपीएमटी हे या औषधाला निष्प्रभ करणारं दुसरं विकर आधीच माहीत होतं. त्यातला दोष कोरियात विरळा, तरी तिथे रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटतच होत्या. याचं कोडं २०१४ साली उलगडलं: कारण होतं एनयूडीटी-१५मधला दोष. भारतीयांमध्येही टीपीएमटीपेक्षा एनयूडीटी-१५चाच दोष जास्त आढळतो.

आपल्याकडे केस गळून ताप आला की ‘गोळ्यांची उष्णता पडली’ म्हणून सब्जाचं पाणी सुरू होतं. यात मोलाचे दिवस जातात. त्या दिवशीच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून डॉक्टरांना गाठायला हवं. या विकरांची जनुकचाचणी निर्दोष आली तरी सीबीसी चुकवता येत नाही, कारण पेशी इतर कारणांनीही घटतात.

त्यातलं एक कारण म्हणजे गाऊट या सांधेदुखीसाठीचं अ‍ॅलोप्युरिनॉल. अ‍ॅझाथायोप्रिनची विल्हेवाट लावणारी एक वाटच ते बंद करतं. दोन्ही औषधं गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या औषधसंशोधकांच्याच प्रयोगशाळेतली. त्यांना १९८८चं नोबेल मिळालं. अ‍ॅलोप्युरिनॉल मुळात तपासलं गेलं तेच मर्कॅप्टोप्युरिनचा, म्हणजे अ‍ॅझाथायोप्रिनच्या पुढच्या रूपाचा, जोर वाढवायला. म्हणून दोन्ही एकत्र द्यायचीच झाली, तर डॉक्टर अ‍ॅझाथायोप्रिन साधारण पाव मात्रेवर आणतात.