वाळूमाशी डासांपेक्षा वेगळी कशी, आणि फवारणी कुठे करावी

पावसाळा लागला की "गोठ्यात बारीक डास झाले आहेत, धूर मारून द्या" अशी मागणी आमच्या विदर्भातील ग्राहकांकडून हमखास येते. हे बारीक डास पुष्कळदा डास नसतातच. ती वाळूमाशी, म्हणजेच सँडफ्लाय, असते आणि तिच्यावर धुराचा फारसा उपयोग होत नाही.

नाव वाळूचे असले तरी तिचा मुक्काम भेगाळलेल्या भिंतीत असतो. अंधार पडल्यावर गोठ्याच्या भिंतीवर बॅटरीचा झोत टाकला, तर दोन-तीन मिलिमीटरची, फिकट भुरकट, अंगभर लव असलेली ही माशी दोन्ही पंख पाठीवर उभे तिरके धरून बसलेली दिसते आणि हात जवळ नेताच उडी मारल्यासारखी वीतभर पलीकडे जाऊन बसते. ती अंडी पाण्यात घालत नाही. ओलसर माती, शेणाचा चुरा आणि कुजका पालापाचोळा यांत तिच्या अळ्या वाढतात. त्यामुळे टाक्या कोरड्या ठेवून डास कमी होतील, वाळूमाशी नाही.

तिच्यामुळे पसरणारा मुख्य परजीवी आजार म्हणजे काळा आजार. रुग्णाचे रक्त पिताना लीशमानिया जातीचा सूक्ष्म परजीवी मादीच्या पोटात जातो, तिथे वाढतो आणि काही दिवसांनी ती दुसऱ्याला चावली की त्याच्या शरीरात उतरतो. हा परजीवी १९०३ मध्ये लीशमन आणि डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे ओळखला. तो वाळूमाशीच्या चाव्यातून माणसात जातो हे मात्र १९४२ मध्ये आसामात सिद्ध झाले. भारतात या परजीवीचा साठा माणसातच असतो. गुरांना दोष देऊ नये. मात्र त्यांच्या रक्तावर माशी पोसते, म्हणून झोपण्याची जागा गोठ्यापासून दूर असावी.

काळा आजार प्रामुख्याने बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशाचा पूर्व भाग आणि पश्चिम बंगाल येथील आहे. महाराष्ट्रात त्याने मूळ धरलेले नाही. त्या भागात राहून आलेल्या व्यक्तीला दोन आठवड्यांहून अधिक ताप असेल, वजन घटत असेल आणि पानथरी वाढून पोट फुगले असेल, तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती आवर्जून द्यावी. उपचाराने हा आजार बरा होतो, उपचाराविना तो बहुधा जीव घेतो. आपल्याकडे वाळूमाशीची खरी धास्ती आहे ती चांदीपुरा विषाणूमुळे, जो १९६५ मध्ये नागपूर भागातच प्रथम सापडला. तो परजीवी नसला तरी वाहक माशीच आहे; लहान मुलाला अचानक तीव्र ताप येऊन झटके आले, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे.

आमचे काम असे असते. ही माशी उडण्यात दुबळी असल्याने भिंतींच्या खालच्या भागात बसते, म्हणून घराच्या व गोठ्याच्या आतील भिंतींवर साधारण सहा फूट उंचीपर्यंत दीर्घकाळ टिकणारे कीटकनाशक आम्ही फवारतो. त्याआधी भेगा लिंपून घ्याव्यात, गव्हाणीखालचे शेण उचलून उकिरडा घरापासून लांब न्यावा आणि भांडी, धान्य, चारा बाहेर काढावा. फवारणीनंतर किमान तीन महिने भिंती सारवू किंवा रंगवू नयेत, कारण सारवणाखाली औषध गाडले जाते आणि तुमचे पैसे वाया जातात. हे आम्ही वारंवार पाहिले आहे, म्हणून सारवायचेच असेल तर आम्हाला बोलावण्यापूर्वी सारवा. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ही माशी आत शिरते, तेव्हा मुलांसाठी बारीक विणीची, शक्यतो औषध लावलेली मच्छरदाणी घ्यावी.