कार्यक्रम नसतानाचा टीव्ही: टेस्ट कार्ड आणि त्यामागचं संगीत

ब्रिटनमध्ये साठ-सत्तरच्या दशकांत लहानाचं मोठं झालेल्या माणसासमोर ‘फळ्यावर फुली-गोळा खेळणारी मुलगी’ एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. लाल पोशाख, लाल हेअरबँड, शेजारी विदूषकाचा बाहुला, भोवती पट्ट्या-चौकटींची रांगोळी आणि मागे चाललेलं कुठल्याशा ऑर्केस्ट्राचं हलकंफुलकं संगीत. हा कार्यक्रम नव्हता, जाहिरातही नव्हती. कार्यक्रम नसताना पडद्यावर असायचं ते टेस्ट कार्ड. आज या चित्राचे आणि त्यापेक्षाही त्या संगीताचे चाहते आहेत, त्यांची संघटना आहे, संमेलनं भरतात. हे स्मरणरंजन बाहेरच्याला विक्षिप्त वाटतं. पण थोडं मागे जाऊन पाहिलं तर त्याच्या मुळाशी भावनेपेक्षा सरकारी नियम आणि कामगार संघटनांचे करारच जास्त सापडतात.

बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धामुळे ती बंद पडली आणि जून १९४६ मध्ये पुन्हा चालू झाली. त्यानंतर कित्येक वर्षं टीव्ही दिवसभर नसायचाच. पैशाची चणचण हे एक कारण, पण मोठी अडचण परवानगीची होती. दिवसाला आणि आठवड्याला किती तास प्रसारण करायचं हे पोस्टमास्टर जनरल, म्हणजे थेट सरकार ठरवत असे. संध्याकाळी ६ ते ७ या वेळात तर प्रसारणच बंद असे. पोरांना टीव्हीसमोरून उठवून झोपवता यावं म्हणून ही सोय! पालकांच्या वतीने सरकारनेच टीव्हीचा कान पिळायचा, हा प्रकार फेब्रुवारी १९५७ पर्यंत चालला. तासांवरची मर्यादा उठायला मात्र १९७२ साल उजाडलं.

आता पंचाईत अशी की टीव्हीची दुकानं उघडणार सकाळी आणि कार्यक्रम लागणार दुपारनंतर किंवा संध्याकाळी. पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत असतील तर गिऱ्हाइकाला संच दाखवायचा कसा? घरोघरी जाऊन अँटेना बसवणाऱ्या माणसाने छपरावर चढून ती वळवायची कशाच्या आधारावर? म्हणून कार्यक्रम नसतानाही प्रक्षेपक चालू ठेवले जात. या प्रसारणाला ‘ट्रेड टेस्ट ट्रान्समिशन’ म्हणत. नावातच आलं, की ते धंदेवाल्यांसाठी आणि तंत्रज्ञांसाठी होतं. प्रेक्षकांनी ते बघत बसावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती.

टेस्ट कार्डांना अक्षरांची नावं होती. त्यांपैकी १९४८ मध्ये आलेलं ‘सी’ दीर्घकाळ टिकलं. ४०५ रेषांच्या कृष्णधवल चित्राचा तो जमाना. मधोमध वर्तुळ, त्यात काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांचे गट आणि करड्या रंगाच्या चढत्या छटा. बघणाऱ्याला नक्षी वाटावी असं हे चित्र प्रत्यक्षात मोजपट्टी होतं. वर्तुळ अंड्यासारखं दिसलं तर चित्राची उंची-रुंदी बिघडलेली. रेघांचे गट क्रमाने बारीक होत जात. जिथे रेघा वेगळ्या न दिसता करडा गिलावा होतो, तिथे त्या संचाची कुवत संपली. करड्या छटांपैकी टोकाच्या दोन एक होऊन बसल्या तर ब्राइटनेस-काँट्रास्टची बटणं फिरवायची. प्रत्येक आकृतीच्या उजवीकडे तिचीच पुसट सावली उमटली, तर सिग्नल एखाद्या इमारतीवर किंवा टेकडीवर आपटून दुसऱ्यांदा येतोय, म्हणजे अँटेना हलवायला हवी. कडेच्या ठोकळेवजा पट्ट्यांनाही काम होतं. चित्र चौकटीबाहेर किती जातंय ते त्यांवरून कळे, आणि संचाचं सिंक, म्हणजे येणाऱ्या सिग्नलशी त्याचा मेळ, बरोबर चाललंय का तेही.

रंगीत टीव्ही आल्यावर प्रश्न बदलला. बीबीसी-२ वर रंगीत प्रसारण १ जुलै १९६७ रोजी विम्बल्डनच्या सामन्यांनी सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी ‘टेस्ट कार्ड एफ’ पडद्यावर आलं. रंगांचे पट्टे कितीही अचूक काढले तरी माणसाच्या डोळ्याला निळ्याचा किंवा पिवळ्याचा थोडासा फरक चटकन कळत नाही. चेहऱ्याचा रंग बिघडला तर मात्र तो लगेच खटकतो, कारण चेहरे आपण जन्मभर बघत असतो. म्हणून आकृत्यांमध्ये खराखुरा माणूस हवा, असं ठरलं. बाईचा फोटो घेतला तर केशरचना आणि कपडे चार वर्षांत जुने दिसणार, शिवाय मेकअपमुळे त्वचेचा मूळ रंग झाकला जाणार. लहान मुलीचा फोटो या दोन्ही अडचणींतून सुटतो.

कार्डाची आखणी बीबीसीचे इंजिनिअर जॉर्ज हर्सी यांनी केली. नमुना म्हणून त्यांनी आपल्याच दोन मुलींचे फोटो काढले. धाकटीचे पुढचे दात पडलेले होते, त्यामुळे आठ वर्षांच्या कॅरलची निवड झाली. शेजारच्या विदूषकाचं नाव ‘बबल्स’. त्याचं मूळ अंग निळ्या-पांढऱ्या कापडाचं होतं. पण चित्रात लाल आणि निळा आधीच होते, हिरव्याची उणीव होती. मग त्या बाहुल्याला हिरवं कापड चढवलं गेलं. फळ्यावरच्या फुली-गोळ्यातली एक फुली अशा जागी काढली की पडद्याचा मध्यबिंदू दाखवायचं काम तिनेच करावं. म्हणजे पोरीच्या खेळातलीही एक खूण कामाला लावली होती. मला या कार्डाची खरी गंमत इथे वाटते. निरागस म्हणून आठवणाऱ्या या चित्रात निरागस म्हणावं असं फारसं काही नाही, जे आहे ते कशाची तरी चाचणी घ्यायला आहे.

‘एफ’मध्येही बारीक होत जाणाऱ्या रेघांचे सहा गट होते, १.५ मेगाहर्ट्झपासून ५.२५ मेगाहर्ट्झपर्यंत. त्यातला ४.५ मेगाहर्ट्झचा गट तंत्रज्ञांच्या खास ओळखीचा. पाल या रंगीत प्रसारणाच्या पद्धतीत रंगाची माहिती साधारण ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर स्वार होऊन येते. या रेघा तिच्या इतक्या जवळ असत की संचाची फसगत होई आणि काळ्या-पांढऱ्या रेघांवर नसलेले रंग थरथरत. बारीक पट्ट्यांचा कोट घालून आलेल्या निवेदकाच्या अंगावर इंद्रधनुष्य नाचायचं, त्याचं कारणही हेच.

हे कार्ड पुढे तीसहून अधिक देशांत वापरलं गेलं. त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये फिलिप्स कंपनीने पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तयार होणारी चाचणी आकृती काढली. ती तर जगभर पसरली आणि तंत्र म्हणून वरचढ होती. ‘एफ’चं चित्र पारदर्शिकेवरून यायचं, त्यामुळे प्रतीप्रतीत छटांचा फरक पडे, त्याचं इलेक्ट्रॉनिक रूप १९८४ मध्ये आलं. पण फिलिप्सच्या आकृतीत चेहरा नव्हता, आणि आठवणीत राहण्यासाठी चेहराच लागतो.

आता संगीताकडे वळू. चाहत्यांचा खरा जीव चित्रापेक्षा संगीतातच अडकलेला दिसतो, आणि तिथली कहाणीही जास्त गुंतागुंतीची आहे.

चित्राबरोबर ध्वनीची वाहक लहरही तपासावी लागते. त्यासाठी एकसुरी टोन पुरतो, पण दुकानात दिवसभर तो ‘टूं’ आवाज ऐकणं कुणालाही असह्य. म्हणून संगीत. पण कुठलं? इथे ‘नीडलटाइम’ आडवा आला. ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांची हक्कसंस्था आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारांमुळे बाजारात विकल्या जाणाऱ्या तबकड्या किती तास वाजवायच्या यावर बीबीसीला मर्यादा होती. तबकड्या वाजवत सुटले तर जिवंत वादकांच्या पोटावर पाय येईल, ही संघटनेची भीती. जे मोजके तास हाती होते ते रेडिओच्याच कार्यक्रमांना अपुरे पडत. ते टेस्ट कार्डावर कोण उधळणार?

वाट निघाली ती ‘लायब्ररी म्युझिक’मधून. चित्रपट, बातमीपट, जाहिराती यांच्या मागे वाजवण्यासाठी संगीत प्रकाशक मुद्दाम असं संगीत मुद्रित करून ठेवत. दुकानात ते मिळत नसे, त्यामुळे नीडलटाइमच्या हिशेबात धरलं जात नसे. त्यातही आणखी एक वळण होतं. ब्रिटिश वादकांच्या संघटनेचा अशा मुद्रणालाही विरोध होता. म्हणून प्रकाशक संगीतरचना घेऊन युरोपात जात आणि तिथल्या वादकांकडून त्या वाजवून घेत. मग व्हायचं असं, की रचना गॉर्डन लँगफर्डसारख्या ब्रिटिश संगीतकाराची, वाजवणारे जर्मनीतल्या स्टुटगार्टचे, आणि ऐकणार मँचेस्टरमधलं टीव्हीचं दुकान. फ्रान्सच्या रॉजर रॉजर यांचा ऑर्केस्ट्राही या टेपांवर ऐकू येई. काही ऑर्केस्ट्रांची तर नावंच खोटी होती. ‘ऑस्कर ब्रँडनबर्ग ऑर्केस्ट्रा’ असं भारदस्त जर्मन नाव ऐकून एखादे म्हातारे संगीत दिग्दर्शक डोळ्यांपुढे यावेत, पण त्या नावामागे नील रिचर्डसन, अॅलन मूरहाउस आणि जॉनी पिअरसन हे ब्रिटिश संगीतकार होते.

अशा रचना एकापाठोपाठ जोडून बीबीसी टेप तयार करायची. एक टेप संपली की दुसरी, आणि त्याच टेपा पुन्हा फिरून येत. आजारपणामुळे शाळा बुडवून घरी पडलेल्या पोराला, रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला, घरातल्या बाईला आणि दुकानातल्या पोऱ्याला पुढची धून कुठली हे न सांगता ठाऊक होई. पण तिचं नाव? निवेदक नाही, श्रेयनामावली नाही. आवडलेली धून दुकानात जाऊन मागावी तर नावच माहीत नाही, आणि माहीत असतं तरी ती विक्रीला नव्हती. स्पीकरपुढे मायक्रोफोन धरून टेपरेकॉर्डरवर उतरवून घेणं, एवढाच मार्ग उरे.

माझ्या मते स्मरणरंजनाचं मूळ इथेच आहे. गाजलेलं गाणं वर्षानुवर्षं कानावर येत राहतं आणि त्याला नव्या आठवणी चिकटत जातात. टेस्ट कार्डची धून त्या रिकाम्या सकाळीबाहेर कुठेच ऐकू आली नाही, त्यामुळे तिच्यावर दुसऱ्या कुठल्या प्रसंगाचा थर चढला नाही. वीस वर्षांनी अचानक कानावर पडली की ती सकाळ जशीच्या तशी समोर येते. संगीताची प्रत हा वेगळा मुद्दा. काही रचना खरोखर सुबक आहेत, काही नुसत्या गोडगुळमट. दोन्हींवर सारखंच प्रेम करणारे चाहते आहेत आणि त्यांना ते पटवून द्यायची गरजही वाटत नाही.

याच रिकाम्या वेळात बीबीसी-२ वर ‘ट्रेड टेस्ट कलर फिल्म्स’ही दाखवत. रंगीत संच विकायचा तर हलतं रंगीत चित्र हवं. मग तेल कंपन्यांनी वगैरे काढलेले माहितीपट पुन्हा पुन्हा लावले जात. त्यातल्या बीपी कंपनीच्या एका लघुपटाला ऑस्करही मिळालेलं होतं. ऑगस्ट १९७३ मध्ये हा प्रकार बंद झाला. त्यांचेही चाहते आहेत, पण कार्डाएवढे नाहीत.

प्रसारणाच्या तासांवरची बंधनं उठल्यावर आयटीव्ही या खासगी वाहिनीने ऑक्टोबर १९७२ पासून दुपारचे कार्यक्रम वाढवले. बीबीसीने जानेवारी १९८३ मध्ये सकाळचा कार्यक्रम सुरू केला आणि ऑक्टोबर १९८६ पासून बीबीसी-१ चा दिवस पूर्ण भरला. उरलेल्या फटींत सीफॅक्स या टेलिटेक्स्ट सेवेची पानं दिसू लागली. हवामान, बाजारभाव, क्रिकेटचे धावफलक, आणि मागे तेच लायब्ररी म्युझिक. म्हणजे चित्र गेलं तरी संगीत बराच काळ तगून राहिलं. ती पानं ऑक्टोबर २०१२ मध्ये, अॅनालॉग प्रसारणाबरोबरच संपली. त्याआधी नोव्हेंबर १९९७ मध्ये बीबीसी-१ ने रात्री बंद होणंच सोडलं आणि ती वेळ बातम्यांच्या वाहिनीला दिली. कार्डाला जागाच उरली नाही.

नेमकी या उतरणीच्या काळात चाहत्यांची जमवाजमव झाली. १९८९ मध्ये ‘टेस्ट कार्ड सर्कल’ ही संघटना उभी राहिली. हेरफर्डशायरमधल्या लेमस्टर या गावी तिची संमेलनं भरतात. जुन्या घरगुती टेपांवरच्या धुनी ओळखणं, त्या कुणी रचल्या आणि कुणी वाजवल्या ते शोधणं, कुठली टेप कुठल्या काळात वाजत होती याच्या याद्या लावणं, हे त्यांचं काम. १९९० च्या दशकात या संगीताच्या सीडी निघाल्या आणि इतकी वर्षं विकत न मिळणारी चीज दुकानात आली.

कॅरल हर्सी मोठेपणी नाटकांचे कपडे शिवण्याच्या व्यवसायात गेल्या. त्यांचा चेहरा पडद्यावर साधारण ७० हजार तास दिसला असावा असा अंदाज सांगितला जातो, म्हणजे जवळपास सलग आठ वर्षं. त्याबद्दल मिळालेलं मानधन होतं १०० पौंडांच्या आसपास. २००६ च्या एका बीबीसी मालिकेत तसाच वेश केलेली, हातात विदूषक धरलेली मुलगी नायकाला भिववायला वापरली गेली. लहानपणी त्या एकटक नजरेची भीती वाटायची असं सांगणारेही बरेच भेटतात. बबल्स मात्र कॅरल यांच्याकडेच राहिला.