सत्तरीनंतरची लायसन्सी बंदूक : ग्वाल्हेरातली पार्श्वभूमी

ग्वाल्हेरातल्या बऱ्याच जुन्या मराठी घरांत हा प्रश्न आहे पण मोकळेपणी कोणी बोलत नाही. आबा ऐंशीला टेकलेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतो, अधूनमधून नातवाला मुलाच्या नावानं हाक मारतात, आणि कपाटात त्यांच्या नावावरची बारा बोरची दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक. लायसन्स अजून चालू. आता काय करायचं म्हणून विचारलं तर दहा जण दहा गोष्टी सांगतात, त्यामुळे हे सगळं मुळात आलं कुठून ते इथे लिहितोय.

हे शहरच छावणीतून वाढलंय. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याखाली तळ टाकला आणि त्याचाच पुढे लष्कर नावाचा शहरातला भाग झाला. त्यांच्यासोबत आलेले सरदार, मानकरी, शिलेदार यांच्या घरी हत्यार असणं म्हणजे चाकरीचाच भाग होता, त्यासाठी कोणाला परवानगी मागायची कल्पनाही नसेल. ब्रिटिश मुलखात मात्र १८५७ नंतर लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात झाली आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात इंडियन आर्म्स अ‍ॅक्ट आला. त्यात हिंदी माणसाला लायसन्स लागायचं आणि गोऱ्यांना सूट! काँग्रेसनं १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून याविरुद्ध ठराव केले, १९१८ मध्ये गांधीजींनीसुद्धा ब्रिटिश राजवटीच्या कुकर्मांमध्ये या कायद्याला सर्वात काळं म्हटलं. वंशावरून केलेला हा भेद १९२० च्या नियमांनी निघाला.

पण हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा, संस्थानात दरबारचा हुकूम चालायचा. म्हणून मला वाटतं पुण्या-साताऱ्याकडच्या घरांना निःशस्त्र होण्याची जी झळ बसली ती इथल्या घरांना तशी बसलीच नाही, बंदूक घरातच राहिली आणि दागिने, जमीन, वाडा यांच्यासारखी ती पण घराण्याची चीज झाली, बापाकडून मुलाकडे जाणारी. पुढचं सगळं समजायला हे लक्षात ठेवायला हवं.

या शहराच्या हत्यारांच्या इतिहासात एक काळा डाग पण आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींवर ज्या बेरेटा पिस्तुलातून गोळ्या झाडल्या ते पिस्तूल ग्वाल्हेरातूनच मिळवलेलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि डिसेंबरमध्ये संविधान सभेत मध्य प्रांतातून आलेले ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला अशी दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी विरोध केला, दुरुस्ती पडली. म्हणजे बंदूक हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही, सरकारनं अटी घालून दिलेली परवानगी आहे. तिसऱ्या पिढीतला माणूस 'आमची खानदानी आहे' म्हणून कलेक्टरेटमध्ये आवाज चढवतो तेव्हा त्याला हे माहीतच नसतं.

आजचा आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चा, लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. हा काळ चंबळच्या बागींचा, म्हणजे डाकूंचा. १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैन्याच्या बीहडात, म्हणजे घळींच्या रानात फिरले, काही बागींनी त्यांच्यापुढे हत्यारं टाकली. मग एप्रिल १९७२ मध्ये मुरैन्याजवळच्या जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर मोहर सिंग, माधो सिंग यांचं मोठं आत्मसमर्पण झालं. आता या भागात गावोगावी लोक लायसन्स मागत होते ते आत्मरक्षणासाठी, आणि तेव्हा ती भीती खरीच होती, रात्री पकड करून (पळवून) नेलं तर फिरौती म्हणजे खंडणी दिल्याशिवाय माणूस परत यायचा नाही. शहरातल्या मराठी घरांचं कारण बहुतेक वेळा वेगळं असायचं, शिकार. शिवपुरीचं जंगल शिंद्यांचं शिकारीचं रान होतं, तिथे जाणाऱ्या सरदार घराण्यांकडे चांगल्या बंदुका होत्या. १९७२ च्याच सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद होत गेली. म्हणजे एकाच वर्षात डाकूंचं भय बरंच कमी झालं आणि शिकारीचं कारणही गेलं, तरी बंदुका काही कोणी परत केल्या नाहीत.

उलट लायसन्स ही इज्जतीची गोष्ट होऊन बसली. किती, तर २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत प्रशासनानं नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना लायसन्समध्ये प्राधान्य देऊ केलं होतं, आणि २०१९ मध्ये ग्वाल्हेरात अर्जदारांना आधी १० झाडं लावा, सोबत सेल्फी द्या असा आदेश निघाला होता. लग्नातला हर्ष फायर, म्हणजे आनंदात हवेत गोळ्या झाडणं, तर सगळ्यांनी पाहिलाय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात कोणाचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता वयाचं. कायद्यानं खालची मर्यादा ठरवली, आधी १६ होती, १९८३ च्या दुरुस्तीत २१ झाली. वरची मर्यादा कधीच ठरवली नाही. ६० असो की ९०, लायसन्स रिन्यू होऊ शकतं. कलम १७ प्रमाणे माणूस मानसिकदृष्ट्या किंवा दुसऱ्या कुठल्या कारणानं अयोग्य झालाय असं वाटलं तर कलेक्टर लायसन्स सस्पेंड किंवा रद्द करू शकतात, पण त्यांना कळणार कसं, घरच्यांनी सांगितल्याशिवाय? आणि घरचे सांगत नाहीत, आबांचा अपमान होईल म्हणून. जपानमध्ये २००९ पासून ७५ च्या पुढच्या बंदूकधारकाला रिन्यूअलच्या वेळी स्मरणशक्ती-आकलनाची टेस्ट द्यावी लागते, आपल्याकडे वयाप्रमाणे अशी सक्तीची टेस्ट नाही, आणि मला ही फार मोठी उणीव वाटते. स्मृतिभ्रंशात माणूस रात्री घाबरून उठतो, घरातलाच माणूस त्याला चोर वाटतो, अशा घरात भरलेली दुनाली नको म्हणजे नको. एकटेपणा आणि निराशा आलेल्या म्हाताऱ्या माणसाजवळ तर अजिबात नको.

आपल्या नियमांनी म्हातारपणाकडे पाहिलं ते वारसाच्या बाजूनं. आर्म्स रूल्स २०१६ च्या नियम २५ प्रमाणे लायसन्सदार वारल्यावर तर वारसाला अर्ज करता येतोच, पण तो जिवंत असताना सुद्धा, त्याला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा ते वारसाच्या नावावर करता येतं. घराण्याची चीज पुढे जायची जुनी पद्धत कायद्यात अशी उतरली असं मी समजतो, आणि हा नियम चांगला आहे, फक्त लोकांना माहीत नाही. वारसाला सगळी पडताळणी पार करावी लागते, आपोआप काही मिळत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनं अजून दोन गोष्टी बदलल्या, एका माणसाकडे तीनऐवजी जास्तीत जास्त दोन हत्यारं, वारशानं आलेली धरून, आणि लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं. पाच वर्षं ऐंशीच्या माणसासाठी खूप मोठा काळ आहे, ८० ला ठणठणीत असलेला माणूस ८३ ला तसाच असेल असं नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लायसन्सदार गेल्यावर. तेराव्यापर्यंत कोणाला बंदुकीची आठवण येत नाही, नंतर आजी म्हणते राहू दे, त्यांची आठवण आहे. पण लायसन्स त्या माणसाच्या नावानं होतं, ते त्याच्यासोबत संपलं, आणि आता ती बंदूक घरात असणं बेकायदेशीर. कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सी डीलरकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. ठरलेल्या मुदतीत वारसाला स्वतःचं लायसन्स काढून ती सोडवता येते किंवा अधिकृत माणसाला विकता येते, मुदत गेली की ती सरकारजमा होऊ शकते. वाड्याच्या भिंतीवरची तोडेदार (वात पेटवून उडवायची जुनी) बंदूक, जी चालूच शकत नाही, तिला कलम ४५ मध्ये सूट आहे, पण चालणाऱ्या दुनालीला 'आठवण' म्हणून कुठलीही सूट नाही. म्हणून आबा शुद्धीत आहेत, सही करू शकतात, तोवरच त्यांच्याशी बसून बोला, नियम २५ चा अर्ज करायचा की बंदूक विकून लायसन्स सरेंडर करायचं ते त्यांनाच ठरवू द्या.