एस्प्रेसो यंत्रातील गळती व तिची दुरुस्ती

घरगुती एस्प्रेसो यंत्रातील पाणी किंवा वाफ ठरलेला मार्ग सोडून बाहेर पडू लागणे, याला गळती म्हणतात. एस्प्रेसोसाठी साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी सुमारे ९ बार दाबाने बारीक दळलेल्या कॉफीच्या दाबून बसवलेल्या थरातून जावे लागते. त्यामुळे टाकीपासून ग्रुप हेडपर्यंतचे (कॉफीवर पाणी सोडणाऱ्या तोंडापर्यंतचे) बहुतेक सांधे रबर, सिलिकॉन किंवा टेफ्लॉनच्या लहानशा रिंगवर अवलंबून असतात. या रिंगा झिजण्यासाठीच असतात आणि त्या बदलणे ही नित्याची देखभाल होय. मराठवाड्यात मात्र रिंग झिजण्याआधीच पाण्यातील क्षार तिच्या बैठकीवर, म्हणजे ती टेकते त्या जागेवर, साचतात. तो थर न काढता नवी रिंग बसवली, तर गळती काही दिवसांतच परत येते.

इटलीत लुईजी बेझेरा याने १९०१ साली पेटंट घेतलेले यंत्र वाफेच्या अल्प दाबावर चाले. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजिया याच्या दट्ट्याच्या यंत्राने दाब कितीतरी पटींनी वाढवला आणि १९६१ च्या ‘फाएमा ई६१’ने हे काम विजेच्या पंपाकडे सोपवले. आजच्या बहुतेक घरगुती यंत्रांत लहान कंपन-पंप असतो. आपल्याकडील ५० हर्ट्‌झच्या विजेवर त्याचा दट्ट्या सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो आणि या सततच्या थरथरीने पंपाजवळचे सांधे सैल पडतात. खोक्यावर छापलेला ‘१५ बार’ हा आकडा पंपाची कमाल क्षमता सांगतो, कॉफीवरचा दाब नव्हे.

मराठवाड्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. त्या खडकाच्या भेगांत मुरलेले बोअरचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. पिण्यास चालणारे हे पाणी एस्प्रेसो यंत्राला मात्र मानवत नाही, कारण विरघळलेले बायकार्बोनेट तापताच विघटित होऊन कार्बोनेटचा पांढरा, टणक थर मागे ठेवते. शिवाय एकाच घरातले पाणी वर्षभर एकसारखे नसते. छत्रपती संभाजीनगरात जायकवाडीचे नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि मधल्या दिवसांत टँकर, बोअर किंवा जार यांवर भागवावे लागते. लातूरला तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. म्हणून ‘दर तीन महिन्यांनी क्षार काढा’ असे पुस्तिकेतले वेळापत्रक इथे फारसे उपयोगी नाही. कठीणता मोजण्याची कागदी पट्टी अधिक भरवशाची. टीडीएस मीटर एकूण विरघळलेले पदार्थ दाखवतो, त्यातून कठीणता वेगळी कळत नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी ही खरोखर गळती आहे का, हे पाहावे. तीन मार्गांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारी-मिटणारी झडप) असलेल्या यंत्रात कॉफी काढून झाल्यावर उरलेला दाब खालच्या ट्रेमध्ये सोडला जातो. तो फुसकारा आणि थोडे पाणी हा यंत्राच्या कामाचाच भाग आहे. दाब मर्यादेपलीकडे गेला, की सुरक्षा व्हॉल्व्ह काही यंत्रांत टाकीत, तर काहींत ट्रेमध्ये पाणी सोडतो. ट्रे वेळेवर रिकामा न केल्याने ओट्यावर आलेल्या पाण्यासाठी यंत्र खोलून बसलेले लोकही आहेत.

खरी गळती ओळखण्यासाठी ती केव्हा होते, याकडे लक्ष द्यावे. यंत्र बंद आणि थंड असतानाही पाणी येत असेल, तर दोष टाकीच्या तळाची झडप किंवा तिच्याखालची रिंग यांत असतो. केवळ पंप चालू असताना येत असेल, तर पंपापुढची नळी किंवा तिचा सांधा तपासावा. अनेक लहान यंत्रांत या बारीक टेफ्लॉन नळ्या ओ-रिंग व धातूच्या क्लिपने बसवलेल्या असतात. यंत्र नुसते तापून उभे असताना ग्रुप हेडच्या मधोमध थेंब येणे म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसणे, आणि त्यामागे बहुधा क्षाराचा कण असतो. वाफेची नळी टपकत असेल, तर तिच्या नॉबमागची रिंग किंवा बैठक तपासावी.

सर्वांत जास्त आढळणारी गळती पोर्टाफिल्टरच्या (कॉफी भरण्याच्या, मूठ असलेल्या भांड्याच्या) कडेने होते आणि तिचे कारण ग्रुप हेडमधले गॅस्केट, म्हणजे जाड रिंग, असते. कुकरच्या रिंगप्रमाणे तेही उष्णतेने कडक होत जाते. मग पोर्टाफिल्टरची मूठ पूर्वीपेक्षा अधिक उजवीकडे ओढावी लागते, तरीही कडेने पाणी सुटते. जोर लावून मूठ ओढत राहिल्यास ग्रुप हेडच्या खाचा झिजतात. गॅस्केट बदलण्यासाठी आधी मधला स्क्रू काढून शॉवर स्क्रीन (पाणी पसरवणारी चाळणी) खाली घ्यावी. जुने गॅस्केट पातळ पेचकसाने उचकटावे. ते दगडासारखे झाले असल्यास त्यात लहान स्क्रू पिळून पकडीने ओढले की निघते. यानंतरच्या पायरीत बहुतेक जण घाई करतात. गॅस्केटच्या खाचेत कॉफीचा जळका काळा थर आणि त्याखाली क्षाराची पांढरी खपली असते. धातूला ओरखडा न पाडता दोन्ही पूर्ण निघेपर्यंत खाच ब्रशने घासावी लागते. नवे गॅस्केट त्याच मापाचे हवे. ई६१ प्रकारच्या ग्रुपसाठी ते ७३ × ५७ × ८ मिलिमीटर असते. त्याची तिरपी कड वरच्या बाजूला जाते.

क्षार काढण्यासाठी किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड, लिटरभर पाण्यात २० ते ३० ग्रॅम, पुरेसे ठरते. ॲल्युमिनियमच्या बॉयलरमध्ये ते फार वेळ ठेवू नये आणि नंतर दोन-तीन टाक्या स्वच्छ पाणी फिरवावे. फरशी धुण्याचे ॲसिड कधीही वापरू नये, कारण त्यातील क्लोराइड स्टीललाही कुरतडते. क्षार काढल्यावर कधी कधी नवीच गळती सुरू होते. ती ॲसिडमुळे झालेली नसते. रिंग आधीच गेलेली असते आणि क्षाराच्या थराने तिची फट बुजवून ठेवलेली असते.

यंत्राचे मूळ भाग जिल्ह्याच्या गावी क्वचितच मिळतात. ओ-रिंगा मात्र मिळतात, कारण शेतीपंपांमुळे आणि वाळूज-चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहतींमुळे ऑइल सील व बेअरिंगची दुकाने या भागाला परकी नाहीत. माप जुळले तरी तिथली साधी काळी नायट्राइल रबराची रिंग थंड पाण्याच्या बाजूलाच ठीक आहे. बॉयलर आणि वाफेच्या मार्गात ईपीडीएमची (उष्णता व वाफ सोसणाऱ्या रबराची), खाद्यपदार्थांना चालणारी रिंग मागावी. तिला पेट्रोलियम जेली लावल्यास ती फुगते, म्हणून सिलिकॉन ग्रीस वापरावे. टेफ्लॉन टेप आट्यांच्या सांध्याला चालतो, ओ-रिंगच्या सांध्याला नाही. एम-सीलसारखे लेप बॉयलरवर थापणे हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे, पण उष्णता आणि दाबापुढे तो टिकत नाही आणि ते पाणी पोटात जाते.

उलट टोकाची अडचण आरओच्या किंवा जारच्या पाण्याने येते. ज्या यंत्रांच्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी विद्युतवाहकतेवर ओळखणारी सळई असते, त्यांना जवळजवळ क्षारविरहित पाणी ‘दिसत’ नाही. बॉयलर वाजवीपेक्षा जास्त भरतो आणि वाफेच्या नळीतून पाणी येते. अशा वेळी रिंगा बदलून उपयोग नाही, पाण्यात थोडे नळाचे पाणी मिसळावे.

झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढून यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे आणि वाफेचा नॉब उघडून उरलेला दाब सोडावा. वाफेच्या तयारीतील बॉयलरमधले पाणी १०० अंशांहून बरेच जास्त तापलेले असते. गळती तारांपर्यंत गेली असेल, तर घरातला आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडतो. तो पुन्हा पुन्हा वर करून पाहू नये आणि आतला भाग पूर्ण वाळल्याशिवाय वीज जोडू नये. जुन्या वाड्यांत अर्थिंग भरवशाचे नसेल, तर आधी ते नीट करून घ्यावे. दुरुस्तीनंतर झाकण लावून यंत्राखाली कोरडा कागद अंथरावा आणि आधी पोर्टाफिल्टरशिवाय, मग तीन मार्गांचा व्हॉल्व्ह असल्यास पोर्टाफिल्टरमध्ये छिद्र नसलेली जाळी लावून सुमारे १० सेकंद पंप चालवावा. थंड यंत्रात कोरडा राहिलेला कागद यंत्र तापल्यावर पुन्हा तपासावा, कारण काही सांधे धातू प्रसरण पावल्यावरच गळतात.