चाळीसगाव जंक्शन व स्टेशन रोड

चाळीसगाव (जि. जळगाव) हे मध्य रेल्वेच्या मुंबई–भुसावळ मार्गावरील स्थानक. येथून धुळ्याकडे सुमारे ५६ किमी लांबीचा फाटा जातो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग १८६०च्या दशकात खानदेशातून गेला. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशी कापसाला भाव चढला. १८६५मध्ये थळ घाटाचा मार्ग खुला झाल्यावर येथल्या गाठी आगगाडीने सरळ मुंबईला पोचू लागल्या. त्या वेळच्या खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे मात्र धुळे, आणि रूळ गेले दक्षिणेकडून. त्यामुळे कचेरीचे साहेब, वकील, आडते यांना गाडी धरायची तर बैलगाडीने किंवा टांग्याने चाळीसगाव गाठावे लागे. चाळीसगावचा पुढचा भरभराटीचा काळ बराचसा धुळ्याच्या या अडचणीतून आला, असे म्हणायला हरकत नाही. १९००मध्ये जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर असा धुळे फाटा सुरू झाला. तरी गाडी बदलायची ती इथेच.

गाडी बदलणाऱ्याला वेळ काढावा लागतो, भूकही लागते. अशा उतारूंवर स्टेशन रोडची हॉटेले चालत आली आहेत. चहा-भजी, रस्सा-पाव, जेवायच्या वेळी शेवभाजी, हिवाळ्यात वांग्याचे भरीत. मुक्कामाची सोय हा या हॉटेलांचा मुख्य धंदा नव्हे. त्यासाठी लॉज वेगळे.

स्थानकाजवळच छायाचित्रकार कैखुश्रू माणेकजी ऊर्फ केकी मूस (१९१२–१९८९) यांचे घर आहे. त्यांनी आयुष्याची अनेक दशके जवळजवळ घराबाहेर न पडता काढली. मुंबईहून पंजाब मेलने येणार असलेल्या प्रेयसीसाठी ते रोज रात्री दारे-खिडक्या उघडून, दोघांचे ताट वाढून बसत, ही आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. (पंजाब मेलही १९१२चीच, हा निव्वळ योगायोग.) या कथेपुढे त्यांचे खरे काम झाकोळले गेले. टेबलावर कागद, कापूस, काटक्या अशा किरकोळ वस्तू मांडून प्रकाशयोजनेने हिमाच्छादित निसर्गदृश्याचा आभास उभा करणारी त्यांची टेबलटॉप छायाचित्रे भारतीय छायाचित्रणात वेगळी ठरतात. चित्रे, शिल्पे व ओरिगामी यांतही त्यांचा हात चाले. घराचे आता संग्रहालय झाले असून हे सारे तेथे पाहता येते.