वकीलपत्र आणि तारखा : गोव्यातल्या तवक्कुलची पार्श्वभूमी

गोव्यात कोर्टाची पायरी न चढलेले घर सापडणे कठीण. मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) दावा, भाटाची (बागायतीची) वाटणी, पणजोबांच्या नावावर अडकलेली जमीन. काही ना काही निघतेच. त्यामुळे वकीलपत्र म्हणजे काय, हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. सही करून आपली बाजू दुसऱ्याच्या हाती सोपवायची आणि तरीही तारीख पडली की कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसायचे. इस्लाममध्ये ईश्वरावर भरवसा टाकण्याला 'तवक्कुल' म्हणतात आणि हा शब्द वकिलाच्याच घराण्यातला आहे. दोन्ही अरबीतल्या व-क-ल या धातूपासून आले. कुराणाच्या तिसऱ्या सूरेतली (अध्यायातली) १७३वी आयत (वचन) तर अल्लाहला सरळ वकीलच म्हणते: आम्हाला अल्लाह पुरे, आणि तो किती उत्तम वकील! 'हस्बुनल्लाहु व निअमल वकील' हे तिचे शब्द अडीअडचणीत असलेल्या मुसलमानाच्या तोंडी आजही आपसूक येतात.

आता यावर कोणी म्हणेल, की वकील दिला म्हणजे आपण मोकळे. आपल्याकडच्या म्हणीतला तो 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी'वाला गृहस्थ अरबस्तानातही होताच. येमेनहून काही लोक शिदोरी न घेता हजला निघत, आम्ही अल्लाहवर भरवसा ठेवणारे आहोत असे सांगत, आणि मक्केला पोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. दुसऱ्या सूरेतली 'शिदोरी बरोबर घ्या' ही आज्ञा त्यांच्यासाठी उतरली, असे पैगंबरांचे सोबती इब्न अब्बास यांच्या नावाने आलेली हदीस, म्हणजे पैगंबरकाळची परंपरेने आलेली नोंद, सांगते. उंटाची गोष्ट तर बहुतेकांना ठाऊक असते. उंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून, असे एकाने विचारले. पैगंबर म्हणाले, बांध आणि मग भरवसा ठेव. तिर्मिजीच्या हदीससंग्रहात ती आहे. त्याच संग्रहात पाखरांचीही एक हदीस आहे: तुम्ही खरा तवक्कुल केलात तर पाखरांसारखी तुमची सोय लागेल, ती सकाळी उपाशी पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात. पाखरे घरट्यात बसून राहत नाहीत, निघतात, हे जुन्या भाष्यकारांनी आवर्जून दाखवून दिले आहे.

खरी कसोटी लागली ती ६३९च्या सुमारास, शाममध्ये, म्हणजे सीरियाच्या मुलखात, प्लेगची साथ आली तेव्हा. खलिफा उमर तिकडे निघाले होते. बातमी कळताच त्यांनी परत फिरायचे ठरवले. सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, अल्लाहने ठरवलेल्यापासून पळता? उमर यांचे उत्तर बुखारींच्या हदीससंग्रहात नोंदलेले आहे: होय, अल्लाहने ठरवलेल्यापासून अल्लाहनेच ठरवलेल्याकडे. दैव आणि विवेक यांचे भांडण इतक्या थोड्या शब्दांत कोणी मिटवलेले माझ्या तरी वाचनात नाही.

पुढे सूफींनी हा विषय फार ताणला. कमाई करणे हीच भरवशातली खोट, इथवर काही जण गेले. तो ताण सैल केला धर्मपंडित अबू हामिद गझालींनी (मृत्यू ११११). त्यांच्या 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथाचे एक अख्खे प्रकरण तवक्कुलवर आहे आणि त्यात त्यांनी पायऱ्या सांगितल्या त्या अशा: पहिल्या पायरीवर माणूस आपल्या कसलेल्या वकिलावर भरवसा टाकतो, दुसरीवर तान्हे मूल आईवर टाकते तसा, आणि तिसरीवर तो स्नान घालणाऱ्याच्या हातातल्या प्रेतासारखा होतो. तिसरी अवस्था टिकत नाही, असे तेच सांगतात. आणि जो समोरचे अन्न तोंडापर्यंत नेत नाही, त्याला ते भरवसा न म्हणता वेडेपणा म्हणतात. दाराला कुलूप लावल्याने तवक्कुल मोडत नाही. कुलपावरच सगळी भिस्त ठेवली तर मोडतो.

मग रोजच्या तारखा कोणत्या? फज्र, जुहर, असर, मगरिब, इशा या पाच नमाजा, त्याआधी वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणे, घासाआधी बिस्मिल्लाह. घराचा उंबरठा ओलांडताना म्हणायची एक छोटी दुवा आहे, 'बिस्मिल्लाहि, तवक्कलतु अलल्लाह', अल्लाहच्या नावाने, मी भरवसा अल्लाहवर टाकला. तसबीच्या, म्हणजे जपमाळेच्या, ३३, ३३ आणि ३४ या मोजणीमागची हकिगत तर मराठी बाईला चटकन कळेल. पैगंबरांच्या कन्या फातिमा यांचे हात जात्यावर दळून सोलवटले होते, म्हणून त्या वडिलांकडे मदतीला एखादी दासी मागायला गेल्या. वडिलांनी दासी दिली नाही. निजताना ३३ वेळा सुभानल्लाह, ३३ वेळा अलहम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणायला शिकवले. आपल्याकडे जाते आणि नामस्मरण यांची जोडी ओवीने जुळवली, तिकडे ती अशी जुळली. थोडे असले तरी नेमाने केलेले काम अल्लाहला सर्वांत प्रिय, ही पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांनी सांगितलेली हदीस या सगळ्याच्या मुळाशी आहे.

हे सारे गोव्यात आले ते समुद्रावरून, आणि आले तेव्हा तलवार घेऊन नव्हे. कदंब राजा पहिला जयकेशी याचा १०५३चा ताम्रपट आहे. त्यात मधुमद नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, व्यापाऱ्याच्या घराण्याची हकिगत येते. मधुमद हे मुहम्मदचेच इथल्या जिभेवर बसलेले रूप. जयकेशीचा आजोबा जहाजाने सोमनाथच्या यात्रेला निघाला असता डोलकाठी मोडली आणि गोपकपट्टणात, म्हणजे तेव्हाच्या गोव्याच्या बंदरात, या मधुमदाने त्याला मदत केली, अशी कथा आहे. मधुमदाचा नातू सदन जयकेशीच्या कारभारात वरच्या पदावर चढला, आणि बंदरात येणाऱ्या जहाजांकडून कर घेऊन 'मिजिगिती'चा, म्हणजे मशिदीचा, खर्च चालवण्याची परवानगी त्याला मिळाली. शिवाच्या यात्रेला निघालेला राजा, त्याला हात देणारा अरब, आणि त्या अरबाच्या नातवाच्या मशिदीला शिवभक्त घराण्याची सनद. मला यात अधिक मोलाची वाटते ती हिशेबाची बाजू. दिव्याचे तेल नि वजूचे पाणी कुठून येणार, याची तजवीज आधी केली. उंट बांधला.

तीन शतकांनी मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता आला. त्याची गोव्याची, त्याच्या भाषेत 'संदाबूर'ची, हकिगत लोक लढाईसाठी वाचतात. मी ती भरवशासाठी वाचतो. पहिल्या खेपेला इकडे येताना जवळच्या एका लहान बेटावर, ते अंजदीव असावे, त्याला देवळाच्या भिंतीला टेकून बसलेला एक जोगी भेटला. जोगी बोलेना. इब्न बतूताच्या हातातली तसबी त्याने घेतली, न्याहाळली, हुंगली, चुंबली, आणि बोट आधी आकाशाकडे आणि मग किब्ल्याच्या, म्हणजे नमाजात तोंड करायच्या मक्केच्या, दिशेने केले. सोबत्यांना काही उमगले नाही. इब्न बतूताने मात्र हा मनातून मुसलमान आहे असा अर्थ काढला. खरे काय ते जोग्यालाच ठाऊक. मला तर वाटते, वर दाखवलेले बोट दोघांच्याही ओळखीचे होते.

त्यानंतर कालिकतच्या किनाऱ्यावर तुफानाने त्याची जहाजे गेली. चीनच्या बादशहासाठी दिल्लीच्या सुलतानाने दिलेले नजराणे, नोकर, सामान, सगळे. जवळ उरले दहा दिनार आणि अंथरायचा गालिचा. असा कफल्लक होऊन तो होन्नावरला सुलतान जमालुद्दीनकडे आला. हा सुलतान पहाटेआधी मशिदीत येऊन उजाडेपर्यंत कुराण वाचत बसे. होन्नावरात मुलींसाठी १३ आणि मुलांसाठी २३ शाळा होत्या, अशी नोंदही इब्न बतूताने केली आहे. तिथे त्याने काय केले? रोज एक अखंड कुराण वाचायला घेतले, पुढे रोज दोन. असे तीन महिने, त्यांतले ४० दिवस एकांतात. सर्वस्व बुडालेल्या माणसाने हातपाय गाळले नाहीत आणि धावाधावही केली नाही, तारखा पाळल्या.

जमालुद्दीन ५२ जहाजे घेऊन संदाबूरवर निघाला तेव्हा जावे की नाही या विचारात इब्न बतूताने कुराण उघडून कौल घेतला. पानाच्या माथ्यावर आयत आली, की जो अल्लाहला साहाय्य करील त्याला अल्लाह नक्की साहाय्य करील. तो गेला आणि गोवे पडले. पण पुढे इथल्या राजाने उलटून वेढा घातला, तेव्हा हाच इब्न बतूता शहर सोडून निघून गेला. कोणी याला ढोंग म्हणेल. उमर यांचे उत्तर आठवले तर तसे म्हणवत नाही.

नंतरचा राजकीय भाग भरभर सांगतो, कारण तो शाळेतच पाठ झालेला असतो. बहमनींच्या वतीने महमूद गवानने १४७२मध्ये गोवे घेतले, मग ते विजापूरच्या आदिलशाहीकडे गेले, आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्कने ते जिंकले. त्या दिवसांत शहरातल्या मुसलमानांची सरसकट कत्तल झाली. तिसवाडीतून बांग नाहीशी झाली ती पिढ्यान्‌पिढ्यांसाठी.

नदीपलीकडे फोंडा मात्र आदिलशाहीतच होता. १५६० हे साल फोंडेकरांनी लक्षात ठेवावे असे आहे. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालय, सुरू झाले. मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून प्रियोळला हलले ते त्याच वर्षी असे मानतात. आणि अली आदिलशहाने फोंड्याला साफा मशीद बांधली तीही त्याच वर्षी. पळून आलेले देव आणि नवी मशीद एकाच मुलखात, एकाच सुलतानाच्या छत्राखाली. उंच जोत्यावरची एकाच दालनाची जांभ्या दगडाची ही चिरेबंदी वास्तू, वर आपल्या घरांसारखेच उतरते कौलारू छप्पर. देवळाला तळी असते तशी शेजारी मोठी तळी, फक्त तिच्या पायऱ्यांच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे. भोवतालच्या बांधकामाचे तुटके अष्टकोनी खांब पडले आहेत. बाकी गेले, पाणी आणि किब्ल्याची भिंत राहिली. नमाजाला एवढेच लागते म्हणा.

डिचोलीला टेकडीवर नमाजगाह आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला होता तेव्हाची ती, असे परंपरा सांगते. फोंडा १७६३मध्ये, डिचोली-सत्तरी १७८०च्या दशकाच्या आरंभी आणि पेडणे १७८८मध्ये पोर्तुगिजांकडे गेले, पण या नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या मुलखात, तोवर धर्माला हात न लावण्याचे धोरण आले होते. म्हणून जुनी मशीद पाहायची तर आजही तिसवाडी-सालसेत सोडून वर यावे लागते. इन्क्विझिशन १८१२मध्ये उठले, १९६१मध्ये पोर्तुगीज गेले, कामधंद्यासाठी कर्नाटकातून आणि इतर भागांतून माणसे आली. २०११च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत मुसलमान ८.३३ टक्के होते.

या सरमिसळीचा एक बारीक धागा असरच्या, म्हणजे दुपार ढळल्यावरच्या नमाजाच्या, वेळेत दिसतो. समुद्रावरून अरबांशी नाते असलेले कोकण-भटकळचे मुसलमान बहुतेक शाफई, तर घाटावरून आलेले हनफी; हे इस्लामी धर्मशास्त्राचे दोन पंथ. इब्न बतूतानेही होन्नावरचे लोक शाफई असल्याचे नोंदवले आहे. शाफईंची असर वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली की सुरू होते, हनफींची दुप्पट झाल्यावर. एक सावली बंदरातून आलेली, एक घाट उतरून. एकाच बाजारातली दोन शेजारी दुकाने असली तर दुपारी एकाची फळी आधी लागते, दुसऱ्याची बऱ्याच वेळाने, आणि तेवढ्या वेळात पहिल्याचे गिऱ्हाईक दुसरा सांभाळतो.